बटणवालं नको

श्यामकांत वारंगे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, खरेदी विभागात सेक्शन ऑफिसर होते, आणि ही नोकरी त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की घरी पोळपाट घ्यायचा झाला तरी ते तीन कोटेशनं मागवत. (लग्नाच्या बाबतीत मात्र प्रकार उलटा झाला होता. स्थळं तीन आली होती, पण ती चंद्रप्रभाबाईंना. आणि श्यामकांतराव त्यांतलं सर्वांत कमी अपेक्षा असलेलं, म्हणून पास झाले. हे त्या स्वतः सांगतात.)

तर या माणसाने डिसेंबरातल्या एका सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, "मी ते पुस्तकं वाचायचं यंत्र घ्यायचं म्हणतोय. ई-रीडर."

सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये चंद्रप्रभाबाईंचा पोह्यातला झारा जागच्या जागी थांबला. कारण याच माणसाने आजवर स्क्रीनवर वाचणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली होती. आंब्याचा फोटो चाटणारे लोक, असं ते त्यांना म्हणत. क्वार्टरच्या तीन भिंती पुस्तकांनी भरल्या होत्या आणि चौथ्या भिंतीला केवळ दार होतं म्हणून ती वाचली होती.

"बाबा, सीरियसली? तुम्ही?" त्यांची मुलगी सृष्टी म्हणाली. ती दिल्लीतच जन्मली, वाढली, आता कॉलेजात होती, आणि तिच्या मराठीला हिंदीचा चांगला तडका बसला होता. "अच्छा है यार. पण अचानक का?"

"जागा नाही घरात," श्यामकांतराव म्हणाले आणि घाईघाईने पेपर तोंडासमोर धरला.

हे कारण साफ खोटं होतं. खरं कारण वाचकांना सांगायला हरकत नाही, कारण वाचक काही दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाचे सभासद नाहीत. श्यामकांतरावांना दिसत नव्हतं. म्हणजे बस दिसायची, बॉस दिसायचा, पोह्यातला शेंगदाणा दिसायचा. पण छापील अक्षर गेल्या वर्षभरात त्यांच्यावर रुसलं होतं. पान उघडलं की ओळी पाण्यात पडल्यासारख्या हलायच्या. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, घाबरण्यासारखं काही नाही, थंडी संपली की ऑपरेशन करू, तोपर्यंत मोबाइलचा झगझगाट टाळा म्हणाले. श्यामकांतरावांनी घरी यातलं अक्षरही सांगितलं नाही. ज्या माणसाला अख्खी मंडळी "सध्या काय वाचावं?" असं विचारते, त्याने मला वाचता येत नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं? रोज संध्याकाळी ते पुस्तक घेऊन बसत आणि अंदाजाने पानं उलटत.

हेही निभलं असतं. पण जानेवारी तोंडावर आला होता.

दर चौदा जानेवारीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. स्मारकापाशी फुलं वाहतात, सगळे उभे राहतात, आणि श्यामकांतराव मंडळाच्या जुन्या स्मरणिकेतला एक उतारा वाचून दाखवतात. लढाईच्या शेवटच्या दिवसाचं वर्णन आहे ते. त्यात एक वाक्य येतं: "ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांनाही घरी कुणीतरी नावाने हाक मारत होतं." या वाक्याला माणसं दरवर्षी रडतात. श्यामकांतराव स्वतः रडतात. वर्षभर फायली हलवणाऱ्या माणसाला त्या एका सकाळी आपण जगात कशासाठी आहोत हे कळतं, म्हणून ते वाचन त्यांना जिवापलीकडे प्रिय होतं. (इतकी वर्षं वाचून तो पाठ कसा झाला नाही, असं तुम्ही विचाराल. समोर कागद नसेल तर श्यामकांतरावांना स्वतःची जन्मतारीखही सांगता येत नाही. सरकारी सवय.)

आता ती स्मरणिका छापली होती मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. मोठ्या अक्षरांत प्रिंट काढणं सोपं होतं, पण तसला कागद हातात धरणं म्हणजे चारचौघांत कबुलीजबाब. यंत्र हातात धरणं म्हणजे प्रगती. आणि कबुली कुणासमोर? तर हेरंब दिघ्यांसमोर.

हेरंब दिघे रेल्वेतले. दरवर्षी बसमध्ये चढता चढता ते म्हणत, "वारंगे, घसा बसला असेल तर सांगा हो, मी वाचतो." या वर्षी मात्र दिघे अवाक्षर बोलले नव्हते. श्यामकांतरावांना तेच जास्त संशयास्पद वाटत होतं.

रविवारी गच्चीवरच्या उन्हात, गजक नावाची तिळाची चिक्की आणि भुईमुगाच्या शेंगा मध्ये ठेवून, निवड समितीची बैठक भरली. चंद्रप्रभाबाई अध्यक्ष, सृष्टी तांत्रिक सदस्य, श्यामकांतराव सदस्य-सचिव. मैदानात यंत्रं तीन. एक लहान, एक मध्यम, आणि एक मध्यमच, पण कडेला पान उलटायची दोन बटणं असलेलं.

"मला बटणवालं बरं वाटतं," अध्यक्ष म्हणाल्या. "माझे हात कणकेचे असतात. काचेवर बोट कुठे फिरवू?"

"मम्मी, बटन एकदम आउटडेटेड आहे," तांत्रिक सदस्य म्हणाली. "सगळं जग टच वापरतंय."

इथे सदस्य-सचिवांच्या अंगात खरेदी विभाग संचारला. "प्रश्न फॅशनचा नाही," ते शेंग फोडत म्हणाले. "बटण आलं की बिघाड आला. बिघाड आला की दुरुस्ती आली. दुरुस्ती आली की एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार आला, आणि एएमसीवाला कधी फोन उचलत नाही. आमच्या ऑफिसच्या पंख्यांचं काय झालं? रेग्युलेटरला बटणं होती म्हणूनच ना?"

पंख्यांचा आणि पुस्तकांचा संबंध कुणालाच कळला नाही, पण आवाज इतका ठाम होता की ठराव मंजूर झाला. बटणवालं नको.

"आणि अक्षर किती मोठं होतं तेवढं बघा," चंद्रप्रभाबाई शेंगांची टरफलं गोळा करत, मान वर न करता म्हणाल्या. श्यामकांतरावांना उगाचच ठसका लागला.

पुढच्या शनिवारी नवरा-बायको मेट्रोने करोल बागेत गेले. हवेचा त्या दिवशीचा रंग चहासारखा होता, त्यामुळे झाडून सगळी दिल्ली मास्क लावून फिरत होती. दुकानात गर्दी होती. सगळे नाकापर्यंत झाकलेले, डोक्यावरून शाली, कोण कुठला काही पत्ता लागत नव्हता. हसतमुख पंजाबी दुकानदाराने काचेखालून मध्यम यंत्र काढून समोर ठेवलं. त्यावर झाडाचं एक सुरेख काळं-पांढरं चित्र होतं.

"यह स्टिकर तो हटाइए," श्यामकांतराव म्हणाले आणि कोपरा सोलायला त्यांनी नख लावलं.

दुकानदाराने झडप घालून त्यांचा हात धरला. "सर जी, स्टिकर नहीं है. यही स्क्रीन है."

"तो बंद कीजिए ना. बैटरी जाएगी."

"बंद ही है जी."

श्यामकांतरावांनी यंत्र उलटं केलं, सुलटं केलं. बंद असून दिसतं? सरकारी नोकरीत त्यांनी चालू असून न दिसणारी माणसं पाहिली होती, पण हे नवीन होतं. दुकानदाराने सांगितलं की आत शाईचे बारीक बारीक कण असतात, विजेने त्यांना फक्त जागेवर नेऊन बसवायचं, एकदा बसले की ते विजेशिवाय बसून राहतात. मग तो त्यांना दुकानाच्या पायरीवर, उन्हात घेऊन गेला. एक मराठी गोष्ट उघडून दिली आणि अक्षर कसं वाढवायचं ते दाखवलं.

श्यामकांतरावांनी अक्षर वाढवलं. आणखी वाढवलं. आणि एका क्षणी ओळी हलायच्या थांबल्या.

वर्षभरानंतर त्यांना वेलांटी दिसली. रफार दिसला, सुतासारखा बारीक, पण दिसला. उन्हात मोबाइल आंधळा होतो. इथे ऊन पडलं तसं अक्षर जास्तच ठसठशीत झालं, जणू आत्ताच कुणी बोरू टेकवून उचलला असावा. त्यांनी हळूच बोट लावलं, पान उलटलं, आणि नवं पान धुक्यातून माणूस यावा तसं वर आलं. लहानपणी पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव उमटलं तेव्हा जे वाटलं होतं, अगदी तेच त्यांना करोल बागेतल्या त्या पायरीवर, रिक्षांच्या भोंग्यांत वाटलं. त्यांनी यंत्राला नमस्कार केला. दुकानदारानेही गडबडून केला.

"दिसतंय का?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

"दिसतंय," श्यामकांतराव म्हणाले, आणि मग चपापले. "म्हणजे? तुला..."

"अहो, गणपतीपासून तुमच्या पुस्तकातलं मोरपीस एकाच पानात आहे. रोज मीच धूळ पुसते ना?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दिल्लीतल्या मराठी माणसाचा एक पक्का समज असतो, तो म्हणजे आपली भाषा ही आपली खाजगी खोली आहे. बाजारात उभं राहून विक्रेत्याच्या तोंडावर "चोर आहे मेला, निघू या" म्हणायचं, आणि लगेच गोड हसून "भैया, लास्ट कितना?" विचारायचं. वारंगे दांपत्याने याच भाषेच्या जोरावर सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटरांवर राज्य केलं होतं. तेव्हा श्यामकांतरावांनी दुकानात परत येऊन, गच्च गर्दीत, काउंटरवर कोपर टेकून, खड्या आवाजात सगळं मन मोकळं केलं.

"मोतीबिंदू आहे गं. सांगवेना. त्या दिघ्याला कळलं असतं तर काला अंबचं वाचन गेलंच असतं माझं."

"त्यांना कशाला कळेल?"

"या वर्षी गप्प आहे तो. काहीतरी शिजतंय. आणि वाचणार कसा, माहितीये? यात्रीगण कृपया ध्यान दें. पानिपतची लढाई अपने निर्धारित समय से देरी से चल रही है. असुविधेबद्दल खेद आहे." श्यामकांतरावांनी नाक दाबून रेल्वेचा आवाज इतका हुबेहूब काढला की चंद्रप्रभाबाईंना मास्कमध्ये हसू आवरेना. शेजारी तपकिरी शाल पांघरलेली एक बाई उभी होती, तीही क्षणभर वळून बघायला लागली.

"भैया, वो बटनवाला दीजिए," ती बाई दुकानदाराला म्हणाली.

"बघ," श्यामकांतराव बायकोला म्हणाले, "बटणवालं घेतायत. घरात एखादं दिघ्यासारखं खोड असणार."

बाईंनी यंत्र पर्समध्ये ठेवलं आणि त्या शांतपणे निघून गेल्या.

पुढचे दिवस क्वार्टरमध्ये दिवाळी होती. श्यामकांतराव आंघोळीनंतर वाचत, मेट्रोत वाचत, ऑफिसच्या हिरवळीवर जेवणाच्या सुट्टीत उन्हात लोळून वाचत. एवढ्याशा पाटीत अख्खी भिंत मावते आणि तिचं ओझं एका पेरूएवढं, याचं त्यांना रोज नव्याने आश्चर्य वाटे. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून म्हणत, "हे बघा, बंद आहे. तरी दिसतंय." सृष्टीने स्मरणिकेतला उतारा त्यात घालून दिला. अक्षर इतकं मोठं केलं की एका पानावर जेमतेम तीन-चार ओळी मावत. चंद्रप्रभाबाईंनी काला अंबच्या थंडीसाठी जांभळ्या लोकरीचे जाडजूड हातमोजे विणले. तयारीत काही म्हणून कसर राहिली नाही.

चौदा जानेवारीला पानिपतात धुकं असं उतरलं होतं की स्मारक आधी हाताला लागलं आणि मग दिसलं. मंडळी गोल करून उभी राहिली. फुलं वाहिली गेली. मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव यांनी एक माइक श्यामकांतरावांच्या उजव्या हातात दिला. डाव्या हातात यंत्र होतं. दोन्ही हातांत हातमोजे.

श्यामकांतरावांनी वाचायला सुरुवात केली. काय दिसत होतं अक्षर. त्या पांढऱ्या धुक्यात ते काळं, स्थिर, स्वच्छ अक्षर पाहून त्यांचा आवाज आपोआप भरून आला. चार ओळी झाल्या. त्यांनी अंगठा काचेवर टेकवला.

पान उलटलं नाही.

त्यांनी पुन्हा टेकवला. दाबला. घासला. यंत्राला लोकर कळत नव्हती. त्याला माणसाची कातडी हवी होती आणि ती सगळी चंद्रप्रभाबाईंनी दोन सुलट दोन उलट अशी झाकून टाकली होती. एका हातात माइक, एका हातात यंत्र, हातमोजा काढायला तिसरा हात नाही. दातांनी ओढावा तर माइकमधून अख्ख्या पानिपताला ऐकू जाईल. मंडळी वाट पाहत होती. समोर हेरंब दिघे मान एका बाजूला कलती करून उभे होते. आता हा पुढे येणार आणि म्हणणार, घसा बसला का हो? श्यामकांतरावांच्या डोळ्यांसमोर सगळं गेलं: वाचन, मान, ती एक सकाळ. बटणाच्या विरोधात केलेलं पंख्यांचं भाषणही गेलं.

आणि मग त्यांना स्वतःचं नाक आठवलं. ते उघडं होतं.

त्यांनी मान खाली घातली, नाकाचा शेंडा काचेला टेकवला, आणि पान उलटलं. टच स्क्रीनला बोट आणि नाक यांत फरक कळत नाही, हा शोध त्या पवित्र भूमीवर लागला. श्यामकांतरावांनी मान वर केली आणि पुढच्या ओळी वाचल्या. पुन्हा मान खाली. पुन्हा वर.

तिसऱ्या वेळी मंडळींच्या लक्षात आलं. वारंगे दर चार ओळींनंतर शहिदांपुढे नतमस्तक होत होते. दिनकररावांनी आधी टोपी काढली. मग तेही वाकले. मग पहिली रांग वाकली, मग दुसरी. वारंगे वाकले की सगळं मंडळ वाकत होतं, धुक्यात शालींची एक लाटच खाली जायची आणि वर यायची. मराठी न कळणारे दोन स्थानिक जाट शेतकरी कडेला थांबले होते, तेही पगड्या सावरत वाकायला लागले.

मग ते वाक्य आलं. "ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांनाही घरी कुणीतरी नावाने हाक मारत होतं." श्यामकांतराव वाकले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि नाक चुकून डाव्या कडेला लागलं. पान मागे गेलं. समोर दिसलं ते त्यांनी भाबडेपणाने पुन्हा वाचलं. पुढच्या पानावर तेच वाक्य पुन्हा आलं. दुसऱ्यांदा ऐकताना कुणालाच आवरलं नाही. दिनकरराव उघड रडत होते. सृष्टी, जिला उताऱ्यातले अर्धे शब्द कळले नव्हते, ती आईचा हात घट्ट धरून उभी होती. आणि खरं सांगायचं तर नाक, हातमोजे, बटणं हे सगळं श्यामकांतरावही विसरले होते. आपल्याला दिसतंय, आपण वाचतोय आणि ही सगळी माणसं ऐकतायत, एवढंच त्यांना कळत होतं.

शेवटी दिनकररावांनी माइक घेतला. "वारंग्यांनी आज आपल्याला नवी पद्धत घालून दिली," ते म्हणाले. "यापुढे दरवर्षी असंच वाकून वाचन होईल."

परतीच्या बसमध्ये श्यामकांतराव हवेत तरंगत होते. संक्रांतच होती, त्यामुळे तिळगुळाचा डबा फिरत होता. डबा घेऊन आल्या त्या दिघ्यांच्या बायको, अहिल्यावहिनी. त्यांनी चंद्रप्रभाबाईंना एक लाडू दिला, सृष्टीला एक दिला, आणि श्यामकांतरावांच्या जांभळ्या पंजात दोन ठेवले.

"दोन कशाला, वहिनी?"

"एक आजचा," अहिल्यावहिनी म्हणाल्या. "दुसरा करोल बागेत जाल तेव्हा खा. तिळगूळ घ्या, गोड बोला. तिथेसुद्धा."

श्यामकांतरावांनी हळूहळू मान वर केली. वहिनींच्या खांद्यावर तपकिरी शाल होती.

"मी तेव्हाच सांगणार होते हो, बटणाचं घ्या म्हणून," वहिनी म्हणाल्या. "पण तुम्ही इतकं रंगून बोलत होतात, मध्ये तोंड घालणं बरं दिसेना."

"म्हणजे ते यंत्र..."

"ह्यांच्यासाठीच. ह्यांनाही वर्षभर दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, थंडी संपू दे. म्हणून तर या वर्षी गप्प आहेत. तुम्ही म्हणालात ना, घरात एखादं खोड असेल. आहे." आणि त्या डबा घेऊन पुढच्या रांगेकडे गेल्या.

चंद्रप्रभाबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. पलीकडच्या सीटवर हेरंब दिघे लोकरी हातमोजे घालून वाचत बसले होते. अंगठा कडेच्या बटणावर. टक, आणि पान उलटत होतं. पुन्हा टक, पुन्हा पान. श्यामकांतरावांना तो आवाज आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या आवाजांत गोड वाटला, आणि तोंड लपवायला जागा हवी म्हणून त्यांनी दोन्ही लाडू एकदम तोंडात टाकून आपलं यंत्र चेहऱ्यासमोर धरलं. चार ओळी झाल्या. सवयीने त्यांनी मान खाली घातली आणि नाक टेकवलं.

पलीकडच्या सीटवरून, यंत्रावरची नजर न काढता, नाक दाबून काढलेला आवाज अख्ख्या बसला ऐकू आला.

"यात्रीगण कृपया ध्यान दें. वारंगे यांनी आता हातमोजे काढले तरी चालेल."